ताळा

जेल रोडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर,
पप्पांनी माझी वही उघडलीय.
नॉर्वे, सतरा दिवस, पाठीवर एक पिशवी.
चष्मा कपाळावर, जवळचं त्यांना तसंच दिसतं.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या त्यांनी
एकेक उजेडाकडे धरून,
आणि रोज फाटकावर हात वर करून, झडती देऊन,
रिकामे घरी आले.
शाळेत मुली विचारायच्या,
तुझे पप्पा नोटा छापतात ना,
मग तुझी सायकल जुनी का?

एक क्रोन म्हणजे आठ रुपये.
आठचा पाढा मी तिथं झोपेतही म्हणत होते.
कॉफी पंचेचाळीस. म्हणजे तीनशे साठ.
नको.
बस साठ. चारशे ऐंशी.
चालले.
तंबू तिथं कुणाच्याही माळावर ठोकता येतो,
घरापासून दीडशे मीटर सोडून. कायदाच आहे.
(गंगापूर रोडला एखाद्याच्या द्राक्षबागेत
ठोकून बघ म्हणावं, असं आई.)
जूनमध्ये तिथं अंधारच पडत नाही,
त्यामुळे टॉर्चचे सेल वाचले.
पप्पांनी तेही जमेला धरलं.

मेतकूट नवव्या दिवशी संपलं.
चिवडा पुरवला, मुठीनं नाही, चिमटीनं.
फ्योर्डच्या काठावर बसले होते,
समोर पाण्यात अख्खा डोंगर उलटा,
आणि मी पिशवीतले शेंगदाणे मोजत होते.
बावीस.
डोंगराचा फोटो काढायचा राहिला.

"वैजू, अठ्ठेचाळीसचा फरक येतोय."
पप्पांचं बोट एका ओळीवर थांबलंय.
बाटल्या विकून : ४८ जमा.
"जमा आहे. मग पाकिटात का नाही?"
राहू दे ना पप्पा.
"एक शीट कमी भरली तर अख्खा सेक्शन थांबायचा आमचा."
आतून आई :
"जेवून घ्या आता! त्या अठ्ठेचाळीसचं काय लोणचं घालायचंय?"

मग सांगितलं.

बर्गनचं स्टेशन. भुरभुर पाऊस.
रिकामी बाटली मशीनला दिली की दोन क्रोन मिळतात,
म्हणजे सोळा रुपये, कचऱ्याच्या डब्यात पडलेले.
मी सकाळपासून डबे उपसले, चोवीस भरल्या.
मशीन एकेक गिळत गेलं
आणि शेवटी चिठ्ठी दिली, काउंटरवर वटवायची.
मागं वळले तर एक बाई,
आपल्या मावशीच्या वयाची असेल,
हातात दोन निळ्या पिशव्या, कोपरापर्यंत बाह्या ओल्या,
पिशव्या जवळजवळ रिकाम्या.
तेच डबे होते तिचे. रोजचे.
ती काही बोलली नाही.
माझ्या बुटांकडे पाहिलं फक्त,
साडेसहा हजारांचे, मेन रोडवरून घासाघीस करून घेतलेले.
चिठ्ठी तिच्या हातात कोंबली आणि निघाले,
जवळजवळ पळतच.
ती काय म्हणाली ते ऐकायलाही थांबले नाही.

पंखा फिरतोय. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय,
ती लागत नाहीये.
पप्पांनी माझ्या चिल्लरमधून पाचाचं नाणं उचललं,
मधोमध भोक असलेलं,
आणि सवयीनं ट्यूबलाइटकडे धरलं.
उजेडाचा एक ठिपका त्यांच्या गालावर.
बराच वेळ पाहत राहिले,
त्यात पाहण्यासारखं काहीच नसताना.
मग पेन्सिल घेतली. मला वाटलं, दानधर्म लिहितील.
लिहिलं :
४८. परत केले.
खाली दोन रेघा मारल्या. ताळा जुळला.

आई ताटं घेऊन आली.
"हे छान आहे गं, ओवता येईल,"
म्हणत तिनं ते नाणं उचललं
आणि तिजोरीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातलं.
चाळीस रुपये, मी पुटपुटले.
पप्पांनी वहीकडे पाहिलं, मग आईकडे.
पुन्हा पाच कमी.
"जेव," म्हणाले.